पावणेसहापर्यंत टिकायचं

मी हळू खेळायचे. इतकं हळू, की समोरचा वैतागून चुकायचा आणि त्याच्या चुकीवर मी जिंकायचे. खेळणारे याला डावपेच म्हणायचे. आमच्या आईला कळलं असतं तर ती खवटपणा म्हणाली असती, आणि तिचं फारसं चुकलं नसतं.

खेळ राक्षसांच्या झुंजीचा. कॉम्प्युटरवर, इंटरनेटवरून खेळायचा. शेकडो राक्षसांतून सहा निवडायचे, प्रत्येकाला चारच विद्या द्यायच्या, आणि कुठल्या तरी गावी बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या सहांशी लढायचं. दोघांनी आपापली चाल ठरवून गुपचूप द्यायची. दोघांच्या आल्या की पडद्यावर ओळी उमटायच्या: कोणी कोणाला मारलं, कोणाचा जीव किती उरला. चित्रं बोटाएवढी, हलतसुद्धा नव्हती. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. अक्कल लागते ती सहा जण निवडताना. सहाही दांडगे घेतले की पहिल्या फटक्यालाच उघडे पडतात. एकाला आग सोसत नसेल तर त्याच्या मागे आग पचवणारा हवा. त्याला पाणी सोसत नसेल तर पाणी पिणारा तिसरा. घर चालवण्यासारखंच आहे ते, एकाची उणीव दुसऱ्याने झाकायची.

माझ्या सहांत मारणारा असा एकच होता. बाकीचे नुसते टिकणारे. पहिली जमिनीवर काटे पसरायची, म्हणजे समोरच्याने राक्षस बदलला की नव्याला येता येताच टोचणार. दुसरा विष द्यायचा आणि बाजूला व्हायचा. तिसरी एक थुलथुलीत बाई होती, कितीही मारा, झोपून उठली की बरी. समोरचा मारून मारून दमायचा, विष आपलं काम करत राहायचं. खेळात घड्याळ नव्हतं. चाल द्यायला कुणी दहा मिनिटं लावली तरी चालायचं. असा एक सामना मी दोन-दोन तास ओढायचे, आणि मला त्यात मजा यायची. माझ्याकडे वेळ सोडून दुसरं काही नव्हतंच.

हे सगळं ऊर्जानगरात, चंद्रपूरजवळच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, क्वार्टरच्या पुढच्या खोलीत. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बाबा वीज केंद्रात ऑपरेटर. माझं बी.एस्सी. झालेलं, नोकरी नाही, लग्न नाही. बरोबरीच्या पोरी लग्न होऊन नागपूर, यवतमाळ, भिलाईला गेलेल्या. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना कॉम्प्युटर, ब्रॉडबँड आणि हा खेळ माझ्या गळ्यात टाकून गेला. तो घरी असताना त्याचा मार खायला कुणी तरी लागायचं, म्हणून त्याने मला शिकवलं होतं. पुण्याला गेल्यावर त्याने खेळ सोडला. मी धरून ठेवला.

दिवस कसे जायचे म्हणाल तर सकाळी आईबरोबर कामं, दुपारी दोरीवरचे कपडे वीज केंद्राची राख झटकून घडी करायचे, मग पाहुणे येणार असतील तर साडी नेसून पोह्यांचा ट्रे न्यायचा. "मुलगी काय करते?" आई म्हणायची, "घरीच असते." छंद विचारले तर मी वाचन सांगायचे. राक्षसांना विष पाजते असं सांगितलं असतं तर पाहुण्यांनी चहाच घेतला नसता. एकदा असं वाटलं होतं, सांगून टाकावं. फार हसू आलं आणि मग रडू आलं, कारण हसायला बरोबर कुणी नव्हतं.

त्या खेळाच्या साइटवर देशोदेशीचे लोक असायचे. आपल्या देशातल्या वीस-बावीस जणांनी एक वेगळी खोली केली होती. खोली म्हणजे गप्पांची चौकट, तिथे जमायचं आणि जोड्या लावून खेळायचं. खोली सांभाळणारे दोघे हैदराबादकडचे होते. कुणाचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. मी पुरुषच असणार असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि खेळ इतका संथ म्हणून म्हातारा. हिंदीत मला 'दादाजी' म्हणायचे. मी कधी खुलासा केला नाही. दादाजी म्हणून माझं बरं चाललं होतं.

त्यातला एक जण इंग्रजी अक्षरांत आमच्या चंद्रपूरकडची मराठी लिहायचा. तो मला भाऊ म्हणायचा. रोज चारच्या सुमारास ओळ यायची: "आले का भाऊ?" मी लिहायचे, "आलो." मग दोघं भिडायचो. पाच-सहा महिने, एखादा रविवार सोडला तर, रोज. बोलणं खेळापुरतंच. "भाऊ, तुमची जाडी मरत नाई बापा." "भाऊ, मी आज सगळा संघच बदलला, पाहा." तो कुठला हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं, आणि मग मी कोण, काय करते, सगळं आलं. पण भाषेवरून तो आपल्याच भागातला आहे हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि ते मला बरं वाटायचं. दिवसभरात आपण होऊन माझी चौकशी करणारा तो एकटाच होता. आई बोलायची, पण कामाचं. बाबा बोलायचे, पण टीव्हीशी.

तो माझ्या अगदी उलट खेळायचा. सहाही जण मारके, वेगवान. आल्या आल्या फटका. बचाव म्हणून नाही. पण डोकं चांगलं होतं. मी काय करणार हे त्याला आधी कळायचं. मी विष देणारा पुढे आणला की त्याने विष न लागणारा आधीच आणून ठेवलेला असायचा. सुरुवातीला त्याने मला दहातले सात सामने हरवले. अर्ध्या तासात खेळ खलास.

मला हरणं सोसत नाही. लहानपणी सापशिडीचा पट मी दोनदा फाडलाय. मी एक वही केली. त्याची प्रत्येक चाल वेळेसकट लिहायची. महिनाभर लिहिल्यावर मला एक गोष्ट दिसली आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत सरळ बसले. पाच वाजून चाळीस मिनिटांपर्यंत हा माणूस शहाणा. पावणेसहा झाले की बिघडायचा. चाली पटापट यायच्या, विचार न करता. जिथे माघार घ्यायला हवी तिथे नेटाने मारत सुटायचा. काट्यांवरून राक्षस फिरवायचा. जिंकत आलेला डाव पाच मिनिटांत घालवायचा.

मी वहीत लिहिलं: उतावळा. दीड तासापुढे दम नाही.

आणि मग मी त्याच्यासाठी खास संघ बांधला. जगातल्या कुणाहीविरुद्ध तो संघ कुचकामी होता, पण याच्याविरुद्ध रामबाण. सहाचे सहा टिकणारे. मारणारा जो एक होता तोही काढून टाकला. ध्येय एकच, पावणेसहापर्यंत टिकायचं. पुढचं काम तो स्वतःच करणार. चार वाजता सामना सुरू करायचा, प्रत्येक चालीला उगाच दोन-तीन मिनिटं लावायची, मध्ये उठून चहा करून यायचं. साडेपाचला माझे तीन मेलेले असायचे, तरी मला काही वाटायचं नाही. पावणेसहाला तो चुकायला लागायचा आणि मी गोळा करायला लागायचे.

मी जिंकू लागले. दहातले आठ, नऊ. काय सांगू, इतका आनंद मला बी.एस्सी.च्या निकालानेही झाला नव्हता.

तेव्हाच तो मधून मधून गायब व्हायला लागला. सहाच्या ठोक्याला त्याचं नाव पडद्यावरून जायचं, सामना अर्धवट. दुसऱ्या दिवशी ओळ यायची, "सॉरी भाऊ, काल लाइट गेली." पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा म्हटलं, असेल. चौथ्यांदा मात्र माझं टाळकं फिरलं. जिंकताना हा तीस मिनिटांत संपवून मोकळा, आणि हरायला लागला की याची लाइट जाते? त्या खेळात वायर ओढून पळणारे पुष्कळ असायचे, आणि सगळ्यांची सबब हीच. मी त्याला त्यातलाच एक ठरवला.

लोडशेडिंग मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पेपरात रोज यायचं, मोर्चे निघायचे, चंद्रपुरात कॉलेजला होते तेव्हा लाइट गेली म्हणून तास सुटलेले मी पाहिले होते. पण आमच्या क्वार्टरात ती जात नव्हती. बटण दाबलं की दिवा लागतो, ही माझ्यासाठी सूर्य उगवण्यासारखी गोष्ट होती. माहीत होतं, पण मनात आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो माझ्या डोक्यात होता.

मग खोलीतली स्पर्धा आली. आम्ही दोघं उपांत्य फेरीत समोरासमोर. त्याने आदल्या दिवशी लिहिलं, "भाऊ, उद्या तीनले खेळू काय? दोनलेही चालते मले." मला दुपारी तीनला काय काम होतं? काहीच नव्हतं. राख झटकायची होती. पण माझा सगळा संघ पावणेसहाच्या भरवशावर उभा होता. मी लिहिलं, "चारच ठरलेत. नियम म्हणजे नियम." त्यावर तो म्हणाला, "बरं भाऊ."

सामन्यात त्याने जीव तोडला. पाच वाजता माझे दोनच उरले होते. मी प्रत्येक चालीला पाच-पाच मिनिटं लावली. पावणेसहाला तो चुकला. सहाला पाच कमी असताना त्याचेही दोनच उरले, दोघंही विषाने झिजलेले. सहा वाजता तो गेला.

अर्धवट सोडून जाणारा हरतो, त्या नियमाने सामना माझा झालाच होता. तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण राग माझ्या नाकावर. मी खोली सांभाळणाऱ्यांना खासगीत लांबलचक पत्र लिहिलं. हा माणूस हरताना पळतो, हे पाहा दिवस आणि वेळा, माझ्या वहीतून उतरवून. सबब तीच, पळण्याची वेळ तीच. वेळा मीच लिहिल्या होत्या, सगळ्या एकाखाली एक, सहा, सहा, सहा. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांनी त्याला सहा महिन्यांसाठी काढून टाकलं. तक्रार कुणाची हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला मी बसले. ओळ आली नाही. येणार नव्हतीच. मी दुसऱ्या कुणाशी तरी खेळले, जिंकले. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावलाच नाही.

पंधरा-वीस दिवसांनी चिमूरला मावसबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. आई आणि मी आदल्या दिवशीच गेलो. माझी मावशी म्हणजे संथ बाई. तिला कुणी कधी पळताना पाहिलं नाही. भाजी चिरायला बसली की प्रत्येक फोडीशी बोलून चिरते, असं आम्ही तिला चिडवायचो. दुपारभर ती तशीच होती. चहा झाला, पानं झाली, मांडवाच्या गप्पा झाल्या.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्या घराच्या अंगात आलं. मावशी ताडकन उठली. "पोरीहो, उठा व! टाइम झाला!" एकीने मोटर लावली, टाकीत पाणी चढवायला. एक जण साक्षगंधाच्या साडीवर इस्त्री फिरवू लागली. मावसभाऊ सायकलवर दळणाचा डबा घेऊन गिरणीकडे सुटला. मावशी उद्याच्या वड्यांची डाळ मिक्सरमध्ये फिरवत होती, एक भांडं, दुसरं भांडं. तिसऱ्याला झाकण लावायचं विसरली आणि वाटलेली डाळ भिंतीवर उडाली. तिने पुसलीसुद्धा नाही. मीठ टाकलं, आणि लगेच पुन्हा टाकलं.

"मावशी, मीठ दोनदा टाकलंस," मी म्हटलं.

"टाकू दे व, सहा वाजून राह्यले!"

मी ओट्यापाशी उभी राहून बघत होते. ही घाई मला पाठ होती. ही मी महिनाभर वहीत उतरवली होती. शहाणं माणूस एका ठरावीक मिनिटाला असंच बिघडतं, दोनदा मीठ टाकतं, झाकण विसरतं, काट्यांवरून राक्षस फिरवतं.

सहा वाजता लाइट गेली. मिक्सर अर्ध्या फेरीत थांबला, बाहेर मोटर थांबली, लांबवर गिरणीचा आवाजही बंद झाला. मावशीने कंदील लावला, पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा पहिल्यासारखी संथ होऊन अंगणात येऊन बसली. भिंतीवरची डाळ आता ती सावकाश पुसणार होती.

"रोज जाते?" मी विचारलं.

"रोजच. सहाले जाते, साडेनऊले येते. सकाळची वेगळी. काऊन, तुमच्याकडं नाई जात काय?"

"नाही."

"कधीच नाई?"

"नाही."

"बरं आहे बापा तुमचं," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

मी त्या अंधारात बसून हिशेब उलटा लावला. तो हरायला लागला की लाइट जात नव्हती. लाइट जायची वेळ झाली की तो हरायला लागायचा, आणि ती वेळ येईपर्यंत मी त्याला बसवून ठेवत होते. माझे सगळे विजय असे होते. तो बिचारा तीनला खेळू म्हणाला, दोनलाही चालेल म्हणाला. मी नियम दाखवला. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी साक्षगंधात मला कोणी काय विचारलं आणि मी काय उत्तरं दिली, काही आठवत नाही. खारट वडे तेवढे आठवतात.

घरी आल्या आल्या मी त्याला लिहायला बसले. बंद केलेल्या नावावर निरोप जात नव्हता. खोलीवाल्यांना लिहिलं की तक्रार चुकीची होती, मी मागे घेते, त्याच्या गावी खरंच रोज सहाला वीज जाते. ते म्हणाले, दादाजी, तुम्हाला कसं माहीत? बरोबर होतं त्यांचं. तो कुठला हेच मला ठाऊक नव्हतं. निर्णय झालाय, मुदत संपली की येईल, एवढंच उत्तर मिळालं.

ते महिने वाईट गेले. चारला बसायची सवय सुटेना. लोक येत होते, खेळत होते, पण माझी वाट पाहणारं त्यात कुणी नव्हतं. मला त्याची आठवण यायची. यात प्रेमबीम काही नव्हतं, उगाच कुणी तसा अर्थ काढू नये. तो कसा दिसतो, किती वर्षांचा आहे, हेही मला माहीत नव्हतं. पण मी कशी खेळते हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या काळात माझ्याबद्दल तेवढंसुद्धा दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तो परत यायला हवा होता. आला तर त्याला सगळं सांगायचं आणि न्यायाने एक सामना खेळायचा, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी नवा संघ बांधायला घेतला. उलटा. पाचच्या आत निकाल लागेल असा. जाडी काढली. काटे पसरणारी काढली, तेव्हा खरंच जिवावर आलं. सहाही मारके, वेगवान घेतले. अडचण अशी की मला मारता येत नव्हतं. फटका द्यायची वेळ आली की माझं बोट आपोआप बचावाकडे जायचं. मी खोलीतल्या सगळ्यांकडून हरले. कालची आलेली पोरं मला बडवून गेली. "दादाजी को क्या हो गया?" म्हणून चर्चा झाली. मी स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवलं आणि पंचवीस मिनिटांत सामना संपवायचा सराव करत राहिले. आई म्हणाली, "काऊन व, हे घड्याळ इथी काऊन आणलं? माह्या कुकरचा टाइम कसा पाहू?" मी तिला भावाचं जुनं मनगटी घड्याळ दिलं.

हिवाळा संपत आला तेव्हा एक दिवस पाच वाजून दहा मिनिटांनी ओळ आली. "आले का भाऊ?"

मी खुर्ची पुढे ओढली. सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण घड्याळाकडे पाहिलं तर पन्नासच मिनिटं होती. आधी सामना, मग बोलू, असं मनाशी ठरवून मी लिहिलं, "आलो. लगेच सुरू करू." पहिल्या चालीपासून मी सुटले. एका क्षणाचाही विचार न करता फटका, पुढचा फटका. त्याचे दोन पाडले.

तो मात्र हळू खेळत होता. चाल यायला तीन-तीन मिनिटं. त्याने चक्क एक टिकणारा राक्षस आणला होता, मार खाऊन झोपून उठणारा. मी कासावीस होत होते. अरे बाबा, खेळ की, पावणेसहा झाले. तो शांत. माझा एक गेला, मग दुसरा. पावणेसहाला मी चुकले, पाच मिनिटांनी पुन्हा चुकले. सहा वाजले तेव्हा मी हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले, त्याचं नाव आता जाणार म्हणून.

ते गेलं नाही. सहा वाजून दोन मिनिटांनी त्याची चाल आली आणि खाली ओळी आल्या. "भाऊ, आज काऊन इतकी घाई करून राह्यले? मी आता पुण्याले आलो, नोकरी लागली. इथी नाई जात." मी काही लिहायच्या आत पुढची ओळ आली. "तुमच्याकडं सुरू झालं काय लोडशेडिंग? आधी सांगाचं न भाऊ. मी पटपट खेळलो असतो."

मी ती ओळ दोनदा वाचली. मग लिहायला घेतलं आणि सगळं लिहिलं. आमच्याकडे लाइट जात नाही. मी ऊर्जानगरला राहते, इथे ती कधीच जात नाही. तुम्ही पावणेसहाला चुकता हे मी वहीत लिहून ठेवलं होतं आणि मुद्दाम खेळ लांबवत होते. दुपारी तीनला मला काही काम नव्हतं. तक्रार मी केली होती. मला माफ करा. मी मुलगी आहे हेही त्यात आलं, पण त्याचं तेव्हा काही वाटलं नाही.

उत्तर आलं नाही. त्याचं नाव मात्र पडद्यावर होतं. सात-आठ मिनिटं गेली. मला वाटलं, आता जाईल. गेला असता तर माझी काही तक्रार नव्हती. मग चाल आली. नुसती चाल, शब्द नाही. मी माझी दिली. त्याची आली. असं अर्धा तास चाललं. त्याने एकही चाल रागाने दिली नाही. सगळ्या विचार करून, नीट. हरताना पळतो असं ज्याच्याबद्दल मी लिहून दिलं होतं, तो माझ्यासारखीच्या समोर जिंकतानाही पूर्ण डाव बसला.

माझा एकच राक्षस उरला, त्यालाही त्याचं विष लागलेलं. कुठलीही चाल दिली तरी ती शेवटची होती. ती दिली की तो जाणार आणि परत येणार नाही, हे मला कळत होतं. मी ती दिली नाही. सात वाजले. बाबांना घेऊन येणारी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबल्याचा आवाज आला. बाबा आले, हातपाय धुतले, टीव्ही लावला. तो थांबून होता. घाई कर असं त्याने एकदाही लिहिलं नाही. साडेसातला आईने ताटं घेतली आणि मला हाक मारली. तेव्हा मी चाल दिली.